लिस्बनला जन्म नोंदवण्याआधी आजोबांची नोंद वाचा

पुतण्याचा फोन आला, "काका, पोर्तुगीज पासपोर्टचं बघतोय." आम्ही गोव्याचे; पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांमुळे हा पासपोर्ट मिळू शकतो, पण त्यासाठी आधी लिस्बनला जन्म नोंदवावा लागतो. त्याला त्याआधी जे करायला लावलं, तेच सांगतो.

सगळ्यात आधी आजोबांची जन्मनोंद काढा. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात मिळते, नाहीतर पणजीच्या पुराभिलेख खात्यात. जन्मसाल आणि गाव नेमकं हवं. नोंद हाती आली की नावाचं एकेक अक्षर वाचा. आमच्या आजोबांच्या 'शंकर'मधला 'श' पोर्तुगीज कारकुनाने एक्सने लिहिलाय, 'नाईक'च्या शेवटी क्यू-यू-ई. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात दोन्ही वेगळी. "चालतं हो," म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकून शेजाऱ्यांनी तशीच फाइल पाठवली, ती परत आली. फरक दिसला की आधी दुरुस्ती करून घ्या.

मग तारीख बघा. २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी त्यांचा नागरिक, आणि त्याच्याकडून मुला-नातवंडांचा हक्क येतो. भारताने मात्र २८ मार्च १९६२ च्या आदेशाने याच लोकांना, त्यांच्या मुला-नातवंडांसकट, २० डिसेंबरपासून भारतीय ठरवलं. नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. मोंतेरो नावाच्या पाद्रींनी तसं कळवून पोर्तुगीज राहणं पसंत केलं. पुढे राहण्याचा परवाना संपला, खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते हरले. गोव्यातच ते परदेशी ठरले. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, म्हणून पुतण्याला मुद्दाम सांगितलं. आपल्या आजोबांनी काही कळवलं नाही, म्हणून आपण आज भारतीय आहोत.

आता निर्णय. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. दोन्ही ठेवता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, न करता वापरत राहिलात तर तो गुन्हा. त्यामुळे वकिलाला विचारायचं ते लिस्बनला कागद पाठवण्याआधी.

आणि घरी कुळागर (पोफळी-माडांची बाग) किंवा शेत असेल तर फॉर्म १ व १४ ची, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्याची प्रत त्याच फायलीत लावून ठेवा. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला जे ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, पण त्यासाठी उताऱ्यावर नाव आधी नीट लागलेलं बरं.