सीमध्ये फाइलमधून वाइड कॅरॅक्टर वाचताना या चुका टाळा

फाइल उघडते, एकेक वाइड कॅरॅक्टर (एका बाइटपेक्षा मोठ्या जागेत ठेवलेलं अक्षर) वाचणाऱ्या एफगेटडब्ल्यूसीचा लूप सुरू होतो आणि पहिल्या देवनागरी अक्षरापाशी मुकाट थांबतो. एरर नाही, क्रॅश नाही. फाइल संपली असंच वाटतं, कारण फाइल संपली तरी आणि बाइट उलगडता आले नाहीत तरी हाती डब्ल्यूईओएफ हे ‘पुढे काही नाही’ सांगणारं मूल्यच येतं. वाचण्याआधी एरनो (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) शून्य करा आणि लूप संपल्यावर त्यात ईआयएलएसईक्यू, म्हणजे बाइट न उलगडल्याची खूण, आहे का ते बघा. ही तपासणी नसलेला कोड अर्धवट समजावा.

दोष बहुतेकदा लोकेलचा, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगचा, निघतो. टर्मिनलची भाषा काहीही असो, प्रोग्रॅम सुरू होतो तो ‘सी’ लोकेलमध्येच. ‘मराठी’ या शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट होतात. लिनक्सवर, म्हणजे तिथल्या नेहमीच्या सी लायब्ररीत, जीलिबसीत, ‘सी’ लोकेलला त्यातला पहिलाच कळत नाही. म्हणून पहिल्या वाचनाआधी सेटलोकेलला एलसी_सीटाइप (लोकेलचा फक्त अक्षरांपुरता भाग) आणि रिकामी स्ट्रिंग (म्हणजे एन्व्हायर्नमेंटमधलं लोकेल) द्या. एलसी_ऑल दिलंत तर जर्मनसारख्या लोकेलमध्ये दशांशचिन्हाचा स्वल्पविराम होतो आणि आकडे वाचताना नवाच घोळ उभा राहतो. वाचन सुरू झाल्यावर लोकेल बदलून उपयोग नाही. स्ट्रीमचं एन्कोडिंग पहिल्या वाइड क्रियेलाच ठरून जातं.

कंटेनरमध्ये आणखी एक गोची आहे. तिथे लोकेल सांगणारं लँग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बहुधा कोरंच असतं, त्यामुळे सेटलोकेल यशस्वी होऊनही लोकेल ‘सी’च राहतं. एनएल_लँगइन्फोला कोडसेट, म्हणजे चालू एन्कोडिंगचं नाव, विचारा. ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’ असं उत्तर आलं तर ते निव्वळ अ‍ॅस्की आहे; कोडमध्ये नव्हे, एन्व्हायर्नमेंटमध्ये एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ ठेवून प्रोग्रॅम पुन्हा चालवा.

हे उत्तर प्रिंटएफने एसटीडीआउटवर छापू नका, एसटीडीईआरआरवर छापा. एकदा प्रिंटएफ वापरलं की एसटीडीआउट बाइटचा होतो आणि पुढचे डब्ल्यूप्रिंटएफ जीलिबसीत काहीच न छापता उणे एक परत करतात. वाचण्याच्या स्ट्रीमचंही तेच: बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) आहे का हे एफगेटसीने पाहिलंत, तर त्याच स्ट्रीमवर ओळ वाचणाऱ्या एफगेटडब्ल्यूएसकडून नल मिळेल. रिवाइंडने हे सुटत नाही, फाइल बंद करून पुन्हा उघडावी लागते. त्यापेक्षा पहिलं वाइड कॅरॅक्टर वाचा आणि ते यू+एफईएफएफ, म्हणजे बीओएमच, असेल तर सोडून द्या.

सर्वांत घातक चूक मात्र बफरची. एफगेटडब्ल्यूएसचा दुसरा आर्ग्युमेंट बाइटमध्ये नसतो, तो वाइड कॅरॅक्टरची संख्या असतो. १०० घटकांच्या अ‍ॅरेचा साइझऑफ लिनक्सवर ४०० येतो. तो तसाच दिलात तर लांब ओळ आली की १०० जागांत ४०० कॅरॅक्टर कोंबली जातात. छोट्या ओळींवर टेस्ट सुखरूप पास होते, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. साइझऑफला एका घटकाच्या आकाराने भागा.

एफगेटडब्ल्यूसीचं उत्तर डब्ल्यूइंट_टी प्रकारच्या व्हेरिएबलमध्येच घ्या. एफडब्ल्यूस्कॅनएफमध्ये वाइड स्ट्रिंगसाठी %एलएस लागतं, नुसतं %एस नव्हे. १०० च्या अ‍ॅरेला %९९एलएस.

विंडोजवर डब्ल्यूचार_टी, म्हणजे वाइड कॅरॅक्टरचा प्रकार, १६ बिटांचा असतो. तिथे एफओपेनच्या मोडमध्ये ‘आरटी, सीसीएस=यूटीएफ-८’ द्या, बीओएमही आपोआप गळतो. देवनागरी १६ बिटांत मावते. मोडी मात्र यू+११६०० पासून सुरू होते, त्यामुळे तिच्या प्रत्येक अक्षराचे विंडोजवर दोन तुकडे होतात आणि लांबी मोजणारा डब्ल्यूसीएसलेन दुप्पट आकडा दाखवतो. देवनागरीतही ‘क्ष’ ची लांबी सगळीकडे ३ च येते: क, हलन्त आणि ष.