ध्रुवीय समुद्रात उपग्रहाचं चित्र वाचताना या चुका टाळा

चित्र उघडलं की नजर आधी पांढऱ्या पट्ट्यांवर जाते. जायला हवी ती कोपऱ्यातल्या वेळेवर. जहाजावर चित्राची मेल सकाळी आली म्हणून चित्र सकाळचं ठरत नाही. उपग्रह वरून गेल्याला दहा-बारा तास उलटलेले असू शकतात. बर्फाचा नकाशा तर अनेक पासची, म्हणजे उपग्रहाच्या वरून जाणाऱ्या फेऱ्यांची, गोधडी असतो, एक ठिगळ आजचं तर शेजारचं परवाचं. नॉर्वेच्या हवामान संस्थेचा नकाशा शनिवार-रविवारी निघत नाही. सोमवारी सकाळच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, हातात असतो तो शुक्रवारचा.

मधल्या वेळात बर्फ जागेवर थांबत नाही. ढोबळ हिशेब असा, की मोकळा तरंगता बर्फ वाऱ्याच्या साधारण २ टक्के वेगाने सरकतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या किंचित उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. वारा ३० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असेल तर बर्फ ०.६ नॉट, म्हणजे १२ तासांत ७ सागरी मैल. चित्रात बर्फातून दिसलेली ५ मैल रुंद वाट तुम्ही पोचेपर्यंत मिटलेली असू शकते. म्हणून चार्टवर बर्फाची कड काढताना शेजारी पेन्सिलीने चित्राची यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहा आणि या हिशेबाने कड पुढे सरकवून पाहा. प्रवाहाचा भाग वेगळा धरावा लागतो.

डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकात कॉमनवेल्थ बेजवळ 'अकादेमिक शोकाल्स्की' हे रशियन जहाज अडकलं ते वाऱ्याने किनाऱ्याकडे रेटलेल्या बर्फात. मदतीला आलेल्या चीनच्या 'श्वेलुंग' या आइसब्रेकरच्या हेलिकॉप्टरने २ जानेवारी २०१४ ला ५२ जणांना बाहेर काढलं, आणि मग खुद्द श्वेलुंगच अडकून बसलं. दोन्ही जहाजं सुटली ती वारा फिरल्यावर.

दुसरी चूक म्हणजे रडारचं चित्र फोटोसारखं वाचणं. सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहाला ढगही आडवे येत नाहीत आणि ध्रुवावरची रात्रही. पण त्याला रंग दिसत नाही, खडबडीतपणा दिसतो. वाऱ्याने खवळलेलं पाणी बर्फासारखं उजळ येतं आणि नुकताच धरलेला गुळगुळीत बर्फ शांत पाण्यासारखा काळा. शंका आली तर त्या वेळचा वारा किती होता ते बघा, आणि मिळत असेल तर एचएचसोबत एचव्ही चित्रही मागवा (ही रडारलहरींच्या आडव्या-उभ्या दिशांवरून ठरणारी दोन प्रकारची चित्रं). एचव्हीत खवळलेलं पाणी बरंच काळं पडतं. उन्हाळ्यात बर्फावर पाणी साचलं की मात्र दोन्हींत गोंधळ होतो.

समुद्राचा किती भाग बर्फाने झाकलाय ते दाखवणारे रंगीत टक्केवारीचे नकाशे दिसायला छान, पण त्यांचा एकेक चौकोन काही किलोमीटरचा असतो. बर्फाची कड तिथे बहुतेक वेळा १५ टक्क्यांवर धरतात. म्हणजे मोकळं पाणी म्हणून दाखवलेल्या निळ्या भागात १० टक्के बर्फ असू शकतो, आणि जहाजाची प्लेट फाटायला तेवढा पुरतो.

ग्राउलर, म्हणजे पाण्यावर मीटरभरही न दिसणारा हिमनगाचा तुकडा, ४० मीटरच्या पिक्सेलमध्ये येणारच नाही. जहाजाच्या रडारवरही तो लाटांच्या क्लटरमध्ये, म्हणजे लाटांवरून परतणाऱ्या नकोशा ठिपक्यांत, हरवतो. इथे उपग्रह विसरा: वेग कमी करा, सर्चलाइट लावा आणि लुकआउटला माणूस वाढवा. नोव्हेंबर २००७ मध्ये 'एक्सप्लोरर' हे प्रवासी जहाज रात्री बर्फात शिरलं आणि अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटाजवळ बुडालं. कॅप्टनचा बर्फाचा अंदाज चुकल्याचं चौकशीत नोंदलं गेलं. १५४ जण वाचले, त्यात नशिबाचा वाटा मोठा, असं माझं मत.

बर्फ किती आहे यापेक्षा कोणता आहे ते महत्त्वाचं. पोलारिस या धोका मोजण्याच्या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या बर्फाचे दशांश तुमच्या आइस क्लासच्या (बर्फात टिकण्याच्या जहाजाच्या दर्जाच्या) गुणांनी गुणून बेरीज काढतात. बेरीज उणे आली आणि जहाजाला पोलर क्लास, म्हणजे ध्रुवीय बर्फासाठीचा दर्जा, नसेल, तर कॅप्टनने मार्ग बदलावा. ऑफिसकडून ईटीएचा (पोचण्याच्या अपेक्षित वेळेचा) कितीही तगादा असो.

चित्र आणि ब्रिजच्या खिडकीबाहेरचा समुद्र जुळत नसेल तर आधी वेळ तपासा, मग उत्तर कुठे आहे ते. ध्रुव मध्यावर धरून काढलेल्या नकाशात, म्हणजे ध्रुवीय प्रक्षेपणात, उत्तर वरच असेल असं नाही, आणि नेहमीच्या मर्केटर चार्टवर ७० अंश अक्षांशावर सगळं जवळपास तिप्पट ताणलेलं असतं. अंतर त्याच अक्षांशाच्या पट्टीवर मोजा. सगळं जुळूनही फरक राहिला तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

एखादा उपग्रह दोन्ही ध्रुव सारखेच बघतो असंही धरू नका. नासा-इस्रोचा निसार हा रडार उपग्रह डावीकडे पाहतो, त्यामुळे अंटार्क्टिकाचा जवळपास सगळा भाग त्याच्या टप्प्यात आहे, पण उत्तरेत ७७.५ अंशांपुढे तो पोचत नाही.

शेवटचा घोळ फाइलींचा. ७६ अंश अक्षांशाच्या आसपास भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी दिसणारा, संपर्क-उपग्रह क्षितिजाला टेकलेला असतो आणि लिंक तुटू लागते. तिथून वर इरिडियमसारखी ध्रुवावरून फिरणारी व्यवस्थाच कामाची. शेकडो एमबीचं अख्खं चित्र न मागता फक्त मार्गाभोवतीचा तुकडा मागवा, आणि तोही अक्षांश-रेखांश जोडलेल्या फाइलीतच. व्हॉट्सअॅपवर कुणी स्क्रीनशॉट धाडला असेल तर त्यावर कोर्स आखू नका. त्यात बहुतेक वेळा कोपऱ्यातली वेळच कापली गेलेली असते.