पहिला चेनसॉ घेताय? आधी दुकानाची मागची खोली बघा

आंब्याची काढणी जोरात असते त्याच दिवसांत बागायतदाराच्या डोक्यात दुसरंही एक काम घोळत असतं. कौलांवर झुकलेली फांदी, विजेच्या तारेला लागलेलं डहाळं, भिरूड या खोडकिडीने पोखरलेलं एखादं जुनं कलम, हे सगळं पावसाआधी उतरवायला हवं. करवत चालवणारा गडी वेळेवर मिळत नाही, आणि मिळाला तरी चार घरं उरकून तुमच्याकडे येतो. मग एक दिवस ‘आपलाच चेनसॉ, म्हणजे दातांची साखळी फिरवणारी यंत्रकरवत, घेऊ’ असं ठरतं. घ्यायचंच असेल तर एप्रिल-मेमध्येच घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्या वर्षी १६-१७ मे ला तौक्ते कोकणाला झोडपून गेलं, तेव्हा अंगण आणि वाट मोकळी करायला ज्याला त्याला कटर हवा होता. अशा घाईत विक्रेता पुढे करेल ते मशीन उचलावं लागतं, आणि ते कसं चालवायचं हे दाखवायला त्याला सवड नसते.

माझं सांगणं एकच आहे. पहिल्या चेनसॉच्या बाबतीत कंपनी नंतर निवडा, दुकान आधी निवडा. हे यंत्र पाण्याच्या पंपासारखं एकदा बसवून विसरायचं नाही. चेनला धार लावावी लागते, फिल्टर चोंदतो, कार्बोरेटर बिघडतो, स्टार्टरची दोरी तुटते. हे सगळं पहिल्याच हंगामात होऊ शकतं आणि तेव्हा तुमची गाठ माणसाशी असते, डब्यावरच्या चित्राशी नाही. म्हणून दुकानात गेल्यावर काचेतली चकचकीत मशीनं बघण्याआधी मागची खोली बघा. तिथे दोन-तीन उघडलेली इंजिनं, तेलकट टेबल, खिळ्यांना टांगलेल्या चेन दिसल्या तर तिथे दुरुस्ती होते असं समजा. ‘सर्व्हिस कोल्हापूरला पाठवतो, आठ-दहा दिवसांत येतं’ असं उत्तर आलं तर जूनमधले आठ-दहा दिवस म्हणजे काय, याचा हिशेब तुमचा तुम्ही करा. ऑनलाइन पाच-आठ हजारांत मिळणाऱ्या मशीनची अडचणही हीच आहे. ते कदाचित चालेलही, पण बंद पडलं की गावातला मेकॅनिक हात लावायला तयार नसतो, कारण त्याला त्याचे भाग मिळत नाहीत.

विक्रेत्याची परीक्षा घ्यायला माझ्याकडे एक साधा प्रश्न आहे: ‘चेन बोथट झाली की काय करायचं?’ ‘नवीन टाका की, किती लागते!’ असं म्हणणारा फक्त विक्री करतो. जो ड्रॉवरमधून गोल कानस काढतो, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) शिकंजात धरतो आणि दोन दात घासून दाखवतो, त्याच्याकडे पुन्हा जावं. कानस किती मिलिमीटरची हेही त्याने न अडखळता सांगायला हवं. ०.३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं इंचातलं अंतर) चेनला साधारण ४.८ मि.मी.ची लागते, लहान मशीनवरच्या बारीक ३/८ चेनला ४ मि.मी.ची. चुकीच्या जाडीच्या कानशीने घासलं तर दाताचा आकारच बिघडतो. गंमत अशी, की आजच्या चेनच्या या वळलेल्या दाताची कल्पना अमेरिकेत ओरेगनमधल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून सुचली. भिरुडाने नाडलेल्या आपल्या आंबेवाल्यांना यात आनंद वाटण्यासारखं काही नाही, पण दात किती कामाचा ते कळतं. धार असलेली चेन लाकडाचे चपटे तुकडे उडवते. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की जोर देऊ नका, थांबा आणि कानस काढा. किनाऱ्यालगतच्या वाडीत पडलेला माड कापायचा असेल तर खोडाला लागलेली वाळू आधी झाडून घ्या, नाहीतर एकाच खोडात धार जाते.

आता मशीनकडे येऊ. काउंटरवरचा पहिला डायलॉग ठरलेला असतो: ‘दादा, हे ५८ सीसी घ्या, २२ इंची बार आहे, काहीही कापेल.’ नवख्या माणसाने काहीही कापायला जायचंच नसतं. तुम्ही नेमकं काय कापणार ते त्याला सांगा. कलमांच्या फांद्या, काजूची वाळकी झाडं, चुलीचं लाकूड एवढंच असेल तर ३५ ते ४५ सीसीचं इंजिन आणि १४ ते १६ इंचांचा बार पुरतो. मोठ्या मशीनचं वजन दुपारी बारा वाजता कळतं. जाहिरातीत लिहिलेलं वजन बहुधा बार, चेन आणि पेट्रोल सोडून असतं, म्हणून मशीन भरलेलं असताना दोन्ही हातांत धरून बघा. उंचावरच्या डहाळ्याच कापायच्या असतील तर लांब दांड्याचा प्रूनर, म्हणजे फांद्या छाटायचं यंत्र, जास्त उपयोगी, आणि मनगटाएवढ्या फांद्यांना छोटी बॅटरीची करवतही चालते. ‘तुमचं काम बघता तुम्हाला चेनसॉची गरज नाही’ असं सांगणारा दुकानदार भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

एका हाताने धरायचं, वरच्या मुठीचं मशीन कुणी ‘झाडावर चढायला सोपं’ म्हणून दाखवलं तर साफ नको म्हणा. ते दोर-पट्टे लावून झाडावर काम करायचं शिक्षण घेतलेल्यांसाठी असतं. शिडीवर उभं राहून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन चेनसॉ चालवायचा नाही, कोणत्याही कंपनीचा असो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळतं.

पैसे देण्याआधी मशीन तुमच्यासमोर सुरू करायला लावा, तेही थंड इंजिनावर. आधीच गरम करून ठेवलेलं मशीन एका झटक्यात सुरू होतं, त्यावरून काही कळत नाही. इंजिन मंद चालू असताना चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर त्याला तिथेच ट्यूनिंग करायला लावा. चेन ब्रेक पुढे ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबायला हवी. मग बारचं टोक जमिनीवर टाकलेल्या पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरून थोडी रेस द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर चेनला तेल पोचतंय. रेघ नसेल तर मशीन घेऊ नका, कारण कोरडा बार बघता बघता तापून निळा पडतो. शेवटी बार आणि चेन काढून पुन्हा बसवायला तुम्ही स्वतः घ्या, त्याला बाजूला उभं करा. दातांचं तोंड कुठल्या दिशेला, ताण किती, हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. बारच्या खालच्या बाजूला चेन लोंबू नये, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज सरकली पाहिजे.

पेट्रोलची गोष्ट मात्र त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. ही टू-स्ट्रोक इंजिनं आहेत, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावंच लागतं. ‘एक टोपण टाका’ हे उत्तर चालणार नाही. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. तुमच्या मशीनला कुठलं प्रमाण लागतं ते पुस्तिकेत असतं, तेच पाळा. नुसत्या पेट्रोलवर चालवलं की पिस्टन जाम होतो, आणि वॉरंटीत तो बसत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. आपल्या मशीनला ते किती चालतं हे विचारा, आणि मिश्रण महिन्याभरात संपेल इतकंच बनवा. पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चेनच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतायचा सल्ला गावोगाव मिळतो, तो ऐकू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी तेलाचा पंप आणि बार दोन्ही झिजतात.

भाव करताना शे-दोनशे रुपयांवर अडून बसण्यापेक्षा वस्तू मागा. एक जास्तीची चेन, कानस, चष्मा आणि कानावरचे मफ एवढं बहुतेक दुकानदार देतात. जमलं तर मांडी झाकणारी संरक्षक पॅन्ट स्वतः पैसे घालून घ्या, चेनचा घाव बहुधा डाव्या पायावर बसतो. बिल पक्कं, जीएसटीचं घ्या. त्यावर मशीनचा अनुक्रमांक आणि चेनचं माप लिहून घ्या, उदाहरणार्थ पिच ०.३२५, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) ०.०५८, ड्राइव्ह लिंक (खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या) ७२. हे तीन आकडे हाताशी असले की चेन कुठूनही आणता येते. वॉरंटी घरगुती वापरासाठी किती आणि भाड्याने कामं घेतली तर किती, हेही तेव्हाच विचारा. अनेक कंपन्यांत त्यात फरक असतो. आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करायचा विचार असेल तर आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा. चेनसॉ यंदाच्या यादीत असला तरी पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधीच्या तारखेचं बिल धरलं जात नाही. ‘आत्ता घेऊन जा, कागद मी बघतो’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नका.

दुकानदार एक गोष्ट सहसा सांगत नाही, ती इथे सांगतो. झाड आपल्या सातबाऱ्यातलं असलं तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं आहेत. फांद्यांची छाटणी वेगळी, पण अख्खं झाड पाडायचं असेल तर आधी वन विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या.

मशीन घरी आणल्यावर पहिल्या दिवशी जाड बुंध्याला हात घालू नका, जमिनीवर पडलेल्या लाकडावर हात बसवा. नवी चेन सुरुवातीला सैल होते, म्हणून पहिल्या टाकीत दोन-तीनदा थांबून, चेन निवल्यावर ताण बघा. आठवड्याभराने मशीन दुकानात नेऊन नट, ट्यूनिंग आणि धार तपासून घ्या, आणि त्या दिवशी दुसऱ्या चेनला धार लावायला तुम्हीच बसा.