‘अपाची’ वाजवायची तर आधी गुणगुणा

‘अपाची’ ही शब्द नसलेली, इलेक्ट्रिक गिटारवरची इंग्लंडची एक जुनी धून. गेल्या महिन्यात अकरावीतला एक मुलगा माझ्या गिटारच्या क्लासला आला. म्हणाला, “सर, अपाची बसलीय. सूर सगळे बरोबर आहेत, पण ती अपाची वाटत नाहीये.” वाजवून दाखवली. सूर खरंच बरोबर होते, ताल बरोबर होता, वेग तर मूळ रेकॉर्डपेक्षाही जास्त होता. मी म्हणालो, “गिटार ठेव खाली आणि तोंडानं म्हणून दाखव.” पहिली ओळ म्हणाला, दुसरी कशीबशी म्हणाला, तिसऱ्या ओळीला गाडी अडली ती अडलीच.

मी मिरजेचा. 1979 पासून पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार, म्हणजे मुख्य धून वाजवणारी गिटार, वाजवली. गणपती, साखर कारखान्यांच्या कॉलन्या, लग्नं, कुणाकुणाचे वाढदिवस. आमच्यात ॲकॉर्डियन वाजवणारे एक मडगावचे काका होते. साउंड चेकच्या वेळी ते एक धून शिट्टीवर वाजवायचे. कुठल्या पिक्चरची म्हणून विचारलं तर म्हणाले, “पिक्चरची नाही रे बाबा, शॅडोजची.” शॅडोज म्हणजे इंग्लंडचा गिटारवाला बँड, आणि ती धून ‘अपाची’. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट आणून दिली. त्या कॅसेटची टेप गुंडाळून गुंडाळून पेन्सिली झिजल्या माझ्या. तेव्हापासून ‘अपाची’ वाजवतोय आणि शिकवतोय, म्हणून पोरांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

तर पहिलं काम गुणगुणण्याचं. धून पुरती तोंडपाठ होईपर्यंत गिटारला हात लावू नका. इंग्लंडच्या जेरी लॉर्डननं ही धून केली. बर्ट वीडन या नावाजलेल्या गिटारवाल्यानं ती आधी रेकॉर्डही केली, पण लॉर्डनचं समाधान झालं नाही. मग एका दौऱ्यात त्यानं ती शॅडोजना युकुलेलीवर वाजवून दाखवली. चार तारांचं ते खेळण्याएवढं वाद्य, त्यावर धून कळली, म्हणजे तिच्यात दम होता. शॅडोजनी जून 1960 मध्ये लंडनला ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओत ती रेकॉर्ड केली आणि इंग्लंडात ती पाच आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. दोन्ही रेकॉर्डी मिळवा आणि लागोपाठ ऐका. वीडनही कसलेला वादक, पण त्याचा सूर संपला की संपतो. शॅडोजचा लीड गिटारवाला हँक मार्विन, त्याचा सूर संपल्यावरही हवेत थांबतो आणि पुढचा सूर यायच्या आत थोडा हलतो. गायक श्वास घेतो तशी ती जागा आहे. गाण्यात गायकाचं जे काम, ते इथं गिटारला करायचंय. मागे ड्रम, बेस आणि ब्रूस वेल्चची ऱ्हिदम, म्हणजे साथीची, गिटार आहे, पण गाणारी एकटी लीडच.

गुणगुणताना श्वास कुठे घेता त्या जागा कागदावर टिंब देऊन ठेवा. वाजवताना त्या जागी हात थांबला पाहिजे. आमच्या अकरावीवाल्याच्या कागदावर पहिल्या दिवशी एकही टिंब नव्हतं.

आता तारा. हल्ली दुकानात मागितलं की नऊ नंबरचा सेट देतात. नंबर जितका मोठा तितक्या तारा जाड. बोटाला हलका, सूर ओढायला सोपा, पण या धुनेला तो चालत नाही. मार्विन जाड तारा लावायचा, तेरा नंबरच्या सेटच्या, आणि त्या काळी तिसरी तारसुद्धा वरून बारीक तार गुंडाळलेली असायची. तुम्ही निदान अकराचा सेट लावा, तोही गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा. मिळाला नाही तर दुकानदाराला मागवायला सांगा, चार दिवस जातील. पहिला आठवडा बोटं सोलवटतील, मग घट्टे पडतील. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली जवळच. तिथल्या एका कारागिरानं मला एकदा विचारलं होतं, “तुमच्या गिटारला जवारी नाही, मग आवाज खुलतो कशानं?” (जवारी म्हणजे सतारीच्या घोडीला घासून दिलेला आकार, त्यानं आवाज खुलतो.) मी तेव्हा हसलो. आज मी म्हणेन, बऱ्यापैकी तारेच्या जाडीनं आणि पिक, म्हणजे तार छेडायची चकती, कुठे मारता त्यानं. ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या घोडीजवळ, मारलं तर धार येते, मानेकडे मारलं तर गोलाई. ‘अपाची’ला धारच लागते, पण जाड तारेची. बारीक तारेची धार नुसती टोचते.

धून शक्यतो खालच्या सुरांच्या, जाड तारांवर बसवा. तोच सूर बारीक तारेवर मिळत असला तरी तिकडे पळू नका. मध्ये एक तुकडा दाबून वाजवायचा आहे, उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवून. कड अर्धा सेंटीमीटर पुढे गेली की सूर मरतो आणि मागे राहिली की मोकळा सुटतो. ती जागा शोधायला मला तीन दिवस लागले होते. तुम्हाला एक लागला तर आनंद आहे.

गिटार कुठली, हा प्रश्न पोरं सगळ्यात आधी विचारतात, म्हणून मी तो मुद्दाम उशिरा घेतो. मार्विनकडे लाल रंगाची फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर होती, 1959 मध्ये क्लिफ रिचर्डनं, म्हणजे शॅडोज ज्याला साथ करायचे त्या गायकानं, अमेरिकेहून मागवलेली. तोवर इंग्लंडात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती. यात गंमत अशी की त्यांना हवी होती अमेरिकन गायक रिकी नेल्सनच्या रेकॉर्डींवर जेम्स बर्टन वाजवतो ती गिटार. कॅटलॉग समोर ठेवून त्यांनी अंदाज बांधला की एवढा मोठा वादक सगळ्यात महागडीच वाजवत असणार. बर्टन वाजवायचा फेंडरचीच साधी टेलिकास्टर! पण त्या चुकीतून स्ट्रॅटोकॅस्टर आली आणि तिच्याबरोबर ब्रिजला जोडलेली ती लोखंडी दांडी. तुम्हाला स्ट्रॅटच्या घाटाची कुठलीही गिटार चालेल. मी ऑर्केस्ट्रात कायम देशी गिटार वाजवली.

ती दांडी मात्र नीट समजून घ्या. कंपनीनं तिला ट्रेमोलो म्हटलं, ते नाव चुकीचंच आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज कमीजास्त होणं, ही दांडी तर सूरच खालीवर करते. पोरं ती धरतात आणि स्कूटर चालू करायची असल्यासारखी हिसकतात. मार्विन दांडी तळहातात धरूनच पिक मारायचा. लांब सूर आला की शेवटी शेवटी तिला हलकासा झोका द्यायचा. आपल्याकडे गायक सुराला आंदोलन देतो, त्याच मापाचा झोका. सूर लावल्याबरोबर हलवायचा नाही. आधी तो सरळ उभा राहू द्या, मग हलवा. दांडी नसेल तर डाव्या बोटानं तार हलवा, तेवढ्यावरही भागतं.

आता इको. अर्धी जादू इथेच आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच होतो.

इको कसा तयार व्हायचा ते आधी पाहू. टेप रेकॉर्डरमध्ये एक हेड आवाज टेपवर लिहितं, त्याच्या पुढचं हेड तो वाचतं. दोन हेडमध्ये दोन इंच अंतर असेल आणि टेप सेकंदाला 15 इंच पळत असेल, तर लिहिलेला आवाज वाचायला दोन भागिले पंधरा, म्हणजे साधारण 133 मिलिसेकंद उशीर होतो. हा उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की झाला इको. अमेरिकेत मेम्फिसला सन स्टुडिओत तिथला मालक सॅम फिलिप्स दोन टेप मशीन लावून हेच करायचा. 1954 मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड तिथेच झाली. स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा बेस, आणि ड्रम नाहीतच. तरी खोली भरलेली वाटते ती याच चलाखीनं.

मार्विनकडे इटालियन मेआत्सीचं इको मशीन होतं, जो ब्राउन या गायक-गिटारवाल्याकडून आलेलं. त्यात वाचणारी हेड एकापेक्षा जास्त, म्हणून परत येणारे आवाज सारख्या अंतरानं येत नाहीत, थोडे लंगडत येतात. ‘अपाची’त घोडा दौडल्यासारखं वाटतं, त्यात या लंगडण्याचा मोठा वाटा आहे. तुमच्याकडे साधं डिले पेडल, म्हणजे आवाज उशिरा परत देणारी पायपेटी, किंवा फोनवरचं ॲप असेल तर माझं माप घ्या: एक उशीर 130 मिलिसेकंदांचा, दुसरा 380 च्या आसपास. आवाज परत यावा दोनदा, फार तर तीनदा, आणि मूळ सुराच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. ॲपमध्ये एकच डिले असेल तर 380 चा घ्या, 130 चा सोडा. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखी घुमणारी आस, बंद. डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाडणारं, पेडल तर पिशवीतून बाहेरच काढू नका. मग इको चालू ठेवून फक्त एक सूर वाजवा आणि तो विरेपर्यंत थांबा. पुढचा सूर त्या विरण्यात कुठे बसतो ते कानानं ठरवा. आमचा अकरावीवाला परत येणाऱ्या आवाजांना मध्येच तोडून पुढे पळत होता, म्हणून त्याची धून कोंबल्यासारखी वाटत होती. वेग थोडा उतरवला, सूर तेच ठेवले, तर तो स्वतःच दचकला.

अँप्लिफायर वॉल्व्हचा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. मिळालाच तर उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहते. मी विषाची परीक्षा एकदा घेतलीय, तुम्ही घेऊ नका.

स्पीकरवरून आठवलं. 1983 च्या पावसाळ्यात आमचे स्पीकर ज्या गोदामात ठेवलेले असत, तिथे उंदरांनी एका स्पीकरचा कागद कुरतडला. जयसिंगपूरच्या कार्यक्रमात मी लीड सुरू केली तर पत्रा फाटावा तसा आवाज. मालक स्टेजच्या मागून हातवारे करतायत, मी घामाघूम, आणि पुढच्या रांगेतली चार पोरं ओरडतायत, “वन्स मोअर!” माझी त्या रात्रीची निम्मी बिदागी कापली गेली. कितीतरी वर्षांनी कळलं की 1958 मध्ये अमेरिकेत लिंक रे नावाच्या गिटारवाल्यानं ‘रंबल’ या धुनेसाठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं मुद्दाम भोकं पाडली होती. त्यात शब्द एकही नाही, तरी काही रेडिओ स्टेशनांनी ती लावायची नाही असं ठरवलं. रंबल म्हणजे रस्त्यावरची टोळ्यांची मारामारी, एवढ्यावरून. ती ऐकाच. तीन-चार कॉर्ड आहेत, पण पाय आपटल्यासारख्या.

वाजवून झालं की रेकॉर्ड करा. फोन समोर ठेवा, अँपपासून चार-पाच फुटांवर, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. तुकडे जोडायचे नाहीत. हा छळ वाटेल, पण गिटारवाला लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्डची 1951 ची ‘हाऊ हाय द मून’ ऐका. त्यात त्याच्याच गिटारी आणि तिचेच आवाज एकावर एक थर देऊन चढवलेत. नवा थर चढवताना जुना त्यातच मिसळून जायचा, वेगळा उरायचा नाही. दहाव्या थराला चूक झाली की सगळं पाण्यात. अशा वेळी माणूस हात उचलायच्या आधी काय वाजवायचं ते ठरवून बसतो, आणि ते ठरवलेपण रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. ऐकतानाही एकाच स्पीकरवर ऐका. या बहुतेक रेकॉर्डी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, कानात इअरफोनचे बोळे घालून डावं-उजवं शोधत बसू नका.

‘अपाची’ हाताखाली आली की पुढे व्हेंचर्स या अमेरिकन बँडची ‘वॉक, डोन्ट रन’ घ्या, तीही 1960 चीच. आणि आपल्याकडचं हवं असेल तर 1965 च्या ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ घ्या. त्यात रफीसाहेबांइतकंच लक्ष गिटारीकडे द्या.

पण त्याआधी अमेरिकन गिटारवाला डुआन एडीची ‘रेबेल राउझर’. याचा सूर आणखी खाली, थेट जाड तारांवर. 1958 ची ही रेकॉर्ड ॲरिझोनातल्या फिनिक्सची. स्टुडिओत इको चेंबर, म्हणजे आवाज घुमवायची रिकामी खोली, नव्हती, म्हणून त्यांनी 2,000 गॅलनची, म्हणजे साधारण साडेसात हजार लिटरची पाण्याची टाकी आणून बाहेर ठेवली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. गिटारचा आवाज टाकीत सोडायचा आणि घुमून आलेला परत घ्यायचा. टाकी उघड्यावर, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आधी तिच्यावरचे पक्षी हाकलावे लागायचे.

हे मी पोरांना करूनच दाखवतो. आमच्या गच्चीवर हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहे. ती धुवायला रिकामी केली की बॅटरीवरचा छोटा स्पीकर आणि रेकॉर्डिंग चालू केलेला फोन दोरीनं बांधून आत सोडतो. विजेची वायर आत अजिबात नाही, आणि स्वतःही आत उतरायचं नाही. खालून गिटार ब्लूटूथवर पाठवली की थोडा उशीर होतो, तो चालतो. प्लॅस्टिक पत्र्यासारखं झणझणत नाही, पण घुमतं चांगलं. मग टाकीतला आवाज मूळ रेकॉर्डिंगच्या खाली हलका मिसळायचा. अकरावीवाल्यानं हेडफोन लावून तो ऐकला आणि पहिलं काय विचारलं तर, “सर, मध्येच हे घुटुर्र घुटुर्र काय येतंय?”

पारवे होते. फिनिक्सचा अनुभव सांगूनही मी स्वतःच हाकलायला विसरलो होतो. टाकी धुवायचा आमचा दिवस महिन्याचा पहिला रविवार. पुढच्या वेळी त्यालाच काठी घेऊन वर बसवणार आहे.