जुन्या ऑटोमॅटिक घड्याळाची हत्यारं शोधताना

माझी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. त्यामुळे हत्यारांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. तरीही निवृत्तीनंतर, मेव्हण्याने 1985 साली कुवेतहून आणलेलं सिको 5 हे ऑटोमॅटिक घड्याळ उघडायला बसलो तेव्हा शिकाऊ पोरासारखं वागलो. चाळीस नगांचा तयार 'रिपेअर किट' ऑनलाइन मागवला. रोटरचा, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनाचा, मधला स्क्रू सोडवताना त्यातल्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं मेणासारखं पिळलं, घसरलं आणि रोटरवर लांबलचक चरा ओढून गेलं. तो चरा अजून आहे. मेव्हणा घड्याळ मागे उघडून बघत नाही, हे नशीब.

तेव्हा किट घेऊ नका. घड्याळात कुठलं मशीन आहे ते आधी बघा आणि त्याला लागेल ते हत्यार, अडेल तेव्हा शोधा.

सिकोत हे सोपं आहे. मागच्या झाकणावर 7009 असे चार आकडे, मग आडवी रेघ आणि पुढे आणखी चार अक्षरं-आकडे असतात. पहिले चार मशीनचे, पुढचे केसचे. ओमेगाचा नंबर आत ब्रिजवर (चाकं वरून धरणाऱ्या पट्टीवर) कोरलेला असतो, एटा या स्विस कंपनीच्या मशीनचा बहुतेक वेळा बॅलन्सजवळ (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाजवळ) प्लेटवर. नंबर कळला की त्या मशीनची टेक्निकल शीट नेटवर शोधायची. कुठला भाग आधी काढायचा, कुठे कुठलं तेल, सगळं तिच्यात असतं. मात्र झाकणावर एक नंबर आणि आत दुसरंच मशीन, असंही आपल्याकडे सर्रास निघतं. परदेशातले संग्राहक अशा जोडतोड करून, डायल रंगवून विकलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण खोटं नाही. म्हणून उघडून बघितल्याशिवाय काही मागवू नका.

उघडण्यासाठी आधी चिकटसर रबरी बॉल वापरून बघा. झाकणावर दाबून उलटा फिरवायचा. झाकण फार घट्ट नसेल तर तेवढ्यावर सुटतं. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि मळाने जाम झालं असेल तर तीन दातांचा पाना लागतो, ज्याला सगळे जॅक्सा म्हणतात. घड्याळ होल्डरमध्ये आवळा, झाकणावर चिकटपट्टी लावा, दात खाचांत पूर्ण बसवा. फिरवण्याआधी पाना किंचित हलवून बघा, खडखडला तर दात पुन्हा लावा. रोलेक्सच्या झाकणाला वेगळी डाय लागते; ते घड्याळ ज्याच्याकडे आहे त्याने ती परवडवून घ्यावी.

स्क्रू ड्रायव्हर तीन पुरतात: 0.80, 1.00 आणि 1.20 मि.मी. बर्जन या स्विस कंपनीचे असतील तर पिवळा, काळा आणि लाल. रोटरसाठी एक मोठ्या पात्याचा घ्या. सुटे मिळतात, सुटेच घ्या. नव्या पात्यालाही ऑइलस्टोनवर घासून आकार द्यावा लागतो. टोक खाचेच्या तळाला टेकलं पाहिजे आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी हवी. टोक पाचरीसारखं निमुळतं राहिलं तर ते खाचेच्या फक्त कडांवर बसतं आणि जोर दिला की उसळून बाहेर येतं. माझा चरा असाच पडला.

चिमटा विकत घेताना दुकानातच उजेडाकडे धरून हलकेच मिटवा. टोकं आधी टेकली पाहिजेत. मग थोडं जास्त दाबा. टोकं फाकली तर चिमटा परत द्या, वर ड्युमाँ हे नावाजलेलं स्विस नाव लिहिलेलं असलं तरी. नकली खूप आहेत. रोजच्या कामाला 3 नंबर बरा. 5 नंबर फार नाजूक, तो हेअरस्प्रिंगसाठीच, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगसाठीच, ठेवा. आणि टेबलावर एक छोटं होकायंत्र असू द्या. चिमटा जवळ नेल्यावर सुई एका टोकाशी ओढली जाऊन दुसऱ्या टोकापासून पळाली, तर चिमट्यात चुंबक शिरलाय.

यातलं बरंच घड्याळाच्या दुकानाबाहेर मिळतं. ऑइलस्टोन हार्डवेअरवाल्याकडे, चिमटे आणि आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) सोनारांची हत्यारं विकणाऱ्याकडे, रबरी ब्लोअर कॅमेऱ्याच्या दुकानात. पिव्हटची, म्हणजे चाकांच्या आसांच्या टोकांची, भोकं साफ करायला मी बांबूची काडी ब्लेडने तासून घेतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला मटेरियलवाले, म्हणजे घड्याळाचे सुटे भाग विकणारे, शोधा. जाताना मशीनचा नंबर कागदावर लिहून आणि जुना पार्ट डबीत घालून न्या. "सिकोचं ते हे द्या" म्हणालात की हाती काहीही येतं.

जड हत्यारं मात्र जुनीच घ्यावीत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, पण त्याहून चांगलं म्हणजे दुकान बंद करणारे घड्याळजी गाठणं. मुलगा धंद्यात नसतो, पेटी तशीच पडून असते. मला स्टेकिंग सेट, म्हणजे भाग ठोकून बसवायचा स्टँड आणि त्याचे पंच, असाच मिळाला. तो बघताना पंच किती आहेत हे मोजत बसू नका. टोकदार पंच वरून सोडा, खालच्या प्लेटच्या भोकात मधोमध बसतो का बघा, मग पंच बोटाने फिरवून पुन्हा बघा. बाजूला हलत असेल तर स्टँड झिजलाय, आणि कितीही पंच असले तरी तो सेट बाद.

आता खास ऑटोमॅटिकचं दुखणं. यातल्या मेनस्प्रिंगचं (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं) बाहेरचं टोक बॅरलला, म्हणजे ती ज्या डबीत असते तिला, अडकवलेलं नसतं. पूर्ण चावी बसली की ते भिंतीवर घसरतं, म्हणून रोटर दिवसभर फिरूनही स्प्रिंग तुटत नाही. त्या भिंतीला ब्रेकिंग ग्रीस लागतं, मोबियस 8217 किंवा क्ल्यूबर पी 125, अगदी चार-पाच ठिपके. साधं तेल लावलंत तर स्प्रिंग लवकर घसरते, आणि रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सकाळी बंद. मी दोन महिने रोटरला दोष देत होतो.

स्प्रिंग आत बसवायला वाइंडर, म्हणजे ती गुंडाळून देणारं हत्यार, लागतो आणि तो महाग असतो. हाताने भरली तर स्प्रिंग पिळून शंकूसारखी होते. यावर पळवाट आहे: मिळत असेल तर नवी स्प्रिंग घ्या. ती धातूच्या रिंगमध्ये गुंडाळूनच येते. रिंग बॅरलवर ठेवायची आणि स्प्रिंग सरळ खाली दाबायची. मी अजून वाइंडर घेतलेला नाही.

डायाशॉकच्या, म्हणजे सिकोत बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणाऱ्या योजनेच्या, स्प्रिंगसाठी बाजारात खास हत्यार शोधत हिंडू नका. तीन पाकळ्यांची, मोहरीएवढीही नसलेली वस्तू आहे ती. काडीच्या टोकाने दाबून अलगद फिरवायची, की पाकळी खाचेतून सुटते. मशीन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून हात आत घालायचे, आणि पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. शिवाय त्याच नंबरची एक-दोन भंगार मशीनं घेऊन ठेवा. माझ्याकडे दोन 7009 होती. एकातल्या स्प्रिंगा या खोलीच्या फरशीवर कुठेतरी आहेत.