स्किमर लावताना आधी पाणी बघा, मग व्हॉल्व्ह

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली घाण बुडबुड्यांच्या फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. तो नीट चालत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा दोष संपमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या, पाणी गाळायच्या खालच्या टाकीतल्या) पाण्याच्या पातळीत असतो. पातळी सेंटिमीटरभर खालीवर झाली तरी फेस बसतो, नाहीतर घाण गोळा करणाऱ्या वरच्या कपात उसळतो. म्हणून स्किमर अशा कप्प्यात ठेवा जिथून पाणी आडव्या काचेवरून पुढे सांडतं. पाणी परत मुख्य टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात नको. बाष्पीभवनाने तिथलीच पातळी उतरते. संपमध्ये बसणाऱ्या बऱ्याच मॉडेलना साधारण १८ ते २३ सेंटिमीटर पाणी लागतं, पण नेमका आकडा माहितीपत्रकातच पाहा. पाणी जास्त असेल तर स्किमरखाली प्लास्टिकच्या जाळीचा ठोकळा द्या.

नव्या स्किमरच्या भागांवर कारखान्यातलं तेलकट काहीतरी चिकटलेलं असतं आणि त्यावर फेस टिकत नाही. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर चालवून स्वच्छ धुवा. तरीही पहिले चार-पाच दिवस, कधी दोन आठवडे, तो मनासारखा चालणार नाही. या काळात बारीक बुडबुडे टाकीत आले तरी घाबरू नका.

सुरुवातीला बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. मग हळूहळू बंद करत न्या. आतलं पाणी आणि फेस जिथे भेटतात ती रेषा कपाच्या गळ्याच्या तळाशी आली की थांबा. पुढचा बदल अगदी थोडा करा आणि काही तास हात लावू नका. सगळी गंमत इथेच बिघडते: दर दहा मिनिटांनी फिरवणाऱ्याचा स्किमर कधीच स्थिरावत नाही.

कपात दाट, काळपट, दुर्गंधी द्रव जमला तर फेस कोरडा आहे. फिक्या चहासारखा असेल तर ओला. तो घाण जास्त काढतो, पण खारं पाणीही नेतो. त्याची भरपाई गोड्या पाण्याने होत राहिली तर टाकीतल्या पाण्याचा खारेपणा घसरतो, म्हणून तो मोजत राहा.

हात टाकीत घातला किंवा तेलकट खाणं टाकलं की फेस काही तास बसतो. उलट पाण्यातलं क्लोरीन काढणारं द्रावण, काही औषधं किंवा कोरल चिकटवायचं इपॉक्सी पडलं की फेस उसळून कप भरून वाहतो. दोन्ही वेळा जुळवलेली सेटिंग तशीच ठेवा. वाहत असेल तर तेवढ्यापुरता स्किमर बंद करा.

गळ्याच्या आतल्या चिकट थरावरून फेस वर चढत नाही. दर दोन-तीन दिवसांनी तो थर पुसा. फेस हळूहळू कमी होत गेला तर हवेच्या नळीच्या तोंडाशी बोट लावा: ओढ जाणवत नसेल तर आत मीठ साचलंय. कोमट पाणी ओढू दिलं की ते विरघळतं.