सॉफ्टबॉलची ऑफ-सीझन बॅटिंग प्रॅक्टिस: टी लावण्यापासून बॅट घेण्यापर्यंत या चुका टाळा

मार्चच्या परीक्षा संपल्या की स्पर्धांना वेळ असतो, जूनमध्ये ग्राऊंडवर चिखल होतो, मग जळगाव असो, पुणे असो की अमरावती, १४ आणि १७ वर्षांखालच्या पोरी पार्किंगमध्ये, गच्चीवर नाहीतर शाळेच्या शेडखाली बॅटिंग करतात. मेहनत भरपूर घेतात, त्यात प्रश्नच नाही, पण या दोन-तीन महिन्यांत जो स्विंग घोटला जातो तोच मॅचमध्ये बाहेर येतो, मग तो बरोबर असो की चूक. म्हणून रोज किती बॉल मारले यापेक्षा कसे मारले हे बघा.

सगळ्यात कॉमन चूक टी, म्हणजे ज्यावर बॉल ठेवून मारतात तो स्टँड, कुठे ठेवायचा याची आहे. दहातल्या आठ ठिकाणी टी बरोबर पोटासमोर असतो. तिथे बॉल मारायचा म्हणजे हात अंगाशी आखडतात, बॅट पूर्ण यायच्या आधीच बॉल लागतो, आणि हीच सवय घेऊन पोरगी मॅचला गेली की राइट-हँडर असेल तर सगळे फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे बॉल, फर्स्ट बेसच्या बाजूला. खडूने होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्याजवळ उभी राहते ती पाटी, काढा, रुंदी १७ इंच म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटर. बॅटरला उभं करा, स्ट्राइड, म्हणजे स्विंगआधीचं पुढचं पाऊल, घ्यायला लावा, पुढचा पाय जिथे पडतो त्याच्या रेषेत मधल्या बॉलचा टी. इनसाइड, म्हणजे अंगाजवळच्या बॉलसाठी टी तिथून थोडा पुढे, आउटसाइड, म्हणजे अंगापासून लांबच्या बॉलसाठी थोडा मागे. टी हलवायचा, पाय नाही! बरेच जण टी तिथेच ठेवून पोरीलाच पुढे-मागे सरकवतात, मग आउटसाइड बॉल कुठे भेटतो हे तिला कधी कळतच नाही. उंचीचंही तसंच, कमरेएवढा टी सोपा जातो म्हणून सगळे तिथेच मारतात, पण टाकलेला बॉल गुडघ्यापाशीपण येतो आणि काखेखालीपण येतो, तिन्ही उंचीवर मारा.

आता बॅट. शाळेच्या किटमध्ये एकच ३४ इंची अ‍ॅल्युमिनियम बॅट असते आणि सहावीतली पोरगीपण तीच उचलते, हे बघून खरंच वाईट वाटतं. एका हाताने बॅट खांद्याच्या उंचीवर आडवी धरायला सांगा, वीसेक सेकंदात हात थरथरून खाली आला तर बॅट जड आहे, विषय संपला. १२-१३ वर्षांच्या मुलीला ३० इंचाच्या आसपासची, ड्रॉप १० ची बॅट बहुतेक वेळा बरोबर बसते. ड्रॉप १० म्हणजे लांबीचा इंचातला आकडा आणि वजनाचा औंसातला आकडा यात १० चा फरक, म्हणजे ३० इंचाला २० औंस, साधारण ५७० ग्रॅम. आणि प्लीज, ऑनलाइन बेसबॉल बॅट म्हणून जे जाड लाकडी दांडके मिळतात ते घेऊ नका, सॉफ्टबॉलची बॅट सव्वादोन इंचापेक्षा जाड चालत नाही आणि त्या दांडक्याचं वजन मुलांच्या मनगटाला झेपत नाही. कोणाकडे महागडी कम्पोझिट बॅट असेल तर बॉल टाकणाऱ्या मशीनच्या खड्डे-खड्डेवाल्या कडक बॉलवर किंवा पावसात भिजून जड झालेल्या लेदर बॉलवर ती वापरू नका, तडा जातो.

टी विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. पीव्हीसी पाइप, खाली सिमेंट भरलेली बादली, झाला टी. चूक होते ती वरच्या टोकाला. पाइप तसाच उघडा ठेवला की बॅट त्यावर आदळते, झटका थेट मनगटात, आणि दोन-तीनदा असं झालं की पोरगी घाबरून बॉलच्या वरून मारायला लागते. वरचा वीतभर भाग रबरी पाहिजे, गॅरेजमध्ये रेडिएटरचा जुना होज मागा, सहज मिळतो. नेट नसेल तर ताडपत्री चालते पण ती सैल लटकवा, ताणून बांधली की बॉल तसाच तोंडावर परत येतो. आणि टाइल्सवर स्पाइक्स नकोत, साधे शूज.

क्रिकेटमधून आलेल्या मुलांचं वेगळं असतं. बॅट सरळ खाली आणायची, डोळे टप्प्याकडे, ही सवय चांगली मुरलेली असते, आणि इथे तर बॉल टप्पाच खात नाही, शिवाय पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, तो कमरेजवळून सोडते. त्यांना आधी ग्रिप द्या, बॅट तळव्यात घट्ट नाही, बोटांत, आणि दार ठोठावताना जी पेरं वापरतो ती दोन्ही हातांची एका रेषेत. मग जुनी बॅडमिंटनची शटल घ्या आणि समोरून टॉस करा. शटलने काही फुटत नाही, पार्किंगमध्येपण चालतं, आणि एवढीशी वस्तू मारायची म्हणून नजर आपोआप शेवटपर्यंत राहते. खरा बॉल साइडने टॉस करत असाल तर टॉस करणाऱ्याने बॅटरच्या बरोबर समोर बसू नका, तिरकं बसा, आणि समोरून टॉस असेल तर आडोसा हवाच.

बॉल सारखे हवेत उडतायत? मागचा खांदा पडतोय. टी छातीच्या उंचीवर ठेवून लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ रेषेत जाणारा फटका, मारायला लावा, खांदा पडला की बॅट पाइपवर लागते, सांगावं लागत नाही. सगळे ग्राऊंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळत, जातायत तर मनगट लवकर वळतंय, आउटसाइडचा टी लावून राइट-हँडरला सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून मारायला सांगा. मोबाइलवर शूटिंग मागून करू नका, बॅटरच्या छातीसमोरून, मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून, स्लो मोशनमध्ये घ्या. पुढचा पाय टेकतो तेव्हा हात अजून मागे आहेत का, एवढं एक बघा.

आणखी एक, सगळे टॉस एकाच स्पीडने टाकतात. मोठ्या मुलींच्या मॅचमध्ये पिचर ४३ फुटांवर असते, चांगल्या स्पीडच्या बॉलला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ मिळतो, त्यात मध्येच चेंज-अप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला बॉल, आला की बॅट आधीच फिरून गेलेली असते. म्हणून टॉस करताना अधूनमधून हात हलवून बॉल सोडूच नका, कधी हळू सोडा. आणि पिचर लोक पावसाळ्यातही कुठे ना कुठे बॉल टाकतच असतात, तिथे बॅटरला हेल्मेट घालून नुसतं उभं करा, स्विंग अजिबात नाही, पिचरचा हात वर गेला की हात मागे न्यायचे, बॉल सुटला की मोठ्याने बोलायचं, स्ट्राइक (मारण्याच्या टप्प्यातला) की बॉल (त्याच्या बाहेरचा). कॅचरला विचारून लगेच खरं-खोटं कळतं, आणि पिचरलाही समोर बॅटर उभी असताना टाकायची सवय होते.